पेन्सिल सेलवरचा फोन

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन फोन घ्यायचाय. दिवसभर ऑफिसचे मेल, चार-पाच अ‍ॅप्स एकदम चालू, आणि बॅटरी रात्रीपर्यंत टिकली पाहिजे. कुठला घेऊ?" मी म्हटलं, उद्या सांगतो. 'उद्या सांगतो' म्हटलं की मामा इतिहासात शिरतो, हे बिचाऱ्याला ठाऊक आहे.

पण प्रश्न खरोखरच जुना आहे. १९९४ साली आयबीएमचा 'सायमन' बाजारात आला. ईमेल, फॅक्स, कॅलेंडर सगळं एकाच ठोकळ्यात, आणि पडद्यावर बोटाने किंवा काडीने टोचायचं. 'स्मार्टफोन' हा शब्द रुळायच्या आधीचा हा स्मार्टफोन. बोलायला घेतला की तासाभरात बॅटरी बसायची. पुढच्याच वर्षी त्याची विक्री थांबली.

मग १९९९ साली कॅनडातल्या वॉटरलू गावच्या 'रिसर्च इन मोशन' या कंपनीने 'ब्लॅकबेरी ८५०' आणला. याच्यावर बोलताच येत नव्हतं! नुसते ईमेल. छोटासा बिनरंगी पडदा, अंगठ्यांनी दाबायची बटणं, आणि आत चक्क एक पेन्सिल सेल. हो, आपण घड्याळात घालतो तोच. त्यावर हे यंत्र आठवडे काढायचं. आणि आज ५००० एमएएचची बॅटरी सर्रास मिळते, तरी आपण रोज रात्री न चुकता चार्जर शोधतो. हे कसं काय?

गंमत बॅटरीत नव्हती, वाट बघण्यात होती. टपाल आलं का हे बघायला दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत चकरा मारल्या तर माणूस दमणारच. घरात स्वस्थ बसून पोस्टमनने हाळी दिली की उठायचं, ही दुसरी तऱ्हा. ब्लॅकबेरी ती पाळायचा. मेल आली की सर्व्हरच त्याला हाक मारायचा. तीही अख्खी मेल पाठवायचा नाही, आधी नुसता सुरुवातीचा तुकडा. उरलेली हवी असेल तर मागून घ्या. प्रोसेसर ३८६ जातीचा, नेटवर्क कमी वेगाचं. बाकीचा वेळ यंत्र झोपलेलं.

११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये फोनच्या लाइनी तुंबल्या, तेव्हा या झोपाळू यंत्रांवरचे निरोप मात्र जात राहिले. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधींच्या हाती ब्लॅकबेरी सर्रास दिसू लागला.

२९ जून २००७ला आयफोन आला. एकावेळी अनेक कामं करण्याची मुभा त्याने बाहेरच्या अ‍ॅप्सना दिली नाही, आणि कारण म्हणून बॅटरीकडे बोट दाखवलं. २००९मध्ये त्यांनी तोडगा काढला तो पुन्हा पोस्टमनचाच. सगळ्या अ‍ॅप्ससाठी एकच सामाईक जोडणी, कुणाचं काही आलं तर तिच्यावरून हाक. २०१०मध्ये मल्टीटास्किंग आलं, तेही गाणी, कॉल, नकाशा अशा मोजक्या कामांपुरतं. अँड्रॉइडने मात्र २००८च्या पहिल्या फोनपासून पडद्यामागे राबायला मोकळीक दिली. त्या फोनची बॅटरी होती ११५० एमएएचची, त्यामुळे मालक चार्जरच्या आसपासच फिरत. अखेर २०१५च्या अँड्रॉइड ६मध्ये 'डोझ' आलं. पडदा बंद करून फोन टेबलावर पडून असेल, तर अ‍ॅप्सच्या मागण्या अडवायच्या आणि मधूनमधून एकगठ्ठा भागवायच्या. फिरून भोपळे चौक!

तोवर बॅटरीचं काय चाललं होतं? लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१मध्ये बाजारात आणली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. पण तेवढ्याच वजनात मावणारी वीज या सगळ्या काळात फार तर दुप्पट-तिप्पट झाली. चिप मात्र हजारो पटींनी पुढे गेली. मिळकत तिप्पट आणि हौस हजारपट... मग घर कसं चालायचं?

आता माझी गोष्ट. २००९ साल. माझा फोन कुठला होता ते सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. साहेबांची मेल आल्या आल्या उत्तर गेलं पाहिजे म्हणून मी 'दर पाच मिनिटांनी मेल तपासा' असं लावून ठेवलं होतं. तेव्हा कळत नव्हतं की मेल आली नाही तरी प्रत्येक चकरेला फोनचा रेडिओ जागा होतो आणि काम संपल्यावरही काही सेकंद वीज पीत बसतो. त्या रात्री दहाच्या सुमारास फोन मान टाकून पडला. मी झोपलो होतो. चार्जर हाताच्या अंतरावर होता.

गावी बाबांना दवाखान्यात हलवलं होतं. तिथे दिवसाचे दहा-बारा तास लोडशेडिंग, तरी आईचा साधा बटणांचा फोन चार-चार दिवस चालायचा. ती रात्रभर फोन लावत राहिली. दिवे माझ्याकडे होते, आणि बंद फोनही माझाच. बाबा वाचले. पण ऑपरेशनच्या कागदावर आईने एकटीने सही केली. त्याबद्दल तिने पुढे कधी अवाक्षर काढलं नाही, आणि मी कधी विषय काढला नाही.

जुन्या ब्लॅकबेरींची सेवा ४ जानेवारी २०२२ला बंद झाली. बातमी वाचताना मला आठवली ती आईची सही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला सांगितलं: पाच हजाराच्या वरची बॅटरी घे, पण त्या आकड्यावर विसंबू नकोस. सगळ्यात जास्त वीज पडदा खातो, त्याचा उजेड आवर. एकाच खात्याला हाक मारायची परवानगी दे. बाकीची तू उघडशील तेव्हा. जी अ‍ॅप्स पडद्यामागे कशाला राबतात ते तुला सांगता येत नाही, त्यांना झोपव. आणि रात्री थोडी वीज शिल्लक ठेव. कुणाची हाळी ऐकायची ते तूच ठरवायचं, फोनवर सोपवायचं नाही.

सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "मामा, ते ठीक आहे रे. पण मॉडेल सांग ना!"

असो.