हिऱ्यांच्या ऐरणीवरचा खडक

1958 साली वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या सरकारी संस्थेत एक छोटे यंत्र तयार झाले. त्यातले हिरे तस्करांकडून जप्त केलेले होते. संस्थेला ते फुकट मिळाले. चार्ल्स वीअर, अल्विन व्हॅन व्हॉल्केनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हिऱ्यांची टोके सपाट करून समोरासमोर आणली आणि मधे नमुना ठेवून ती एकमेकांवर दाबली. क्षेत्र जितके लहान तितका दाब प्रचंड, एवढेच त्यामागचे गणित.

प्रचंड दाब निर्माण करणे त्याआधीही जमत होते. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांना त्यासाठी 1946 साली नोबेल मिळाले होते. पण त्यांच्या टंगस्टन कार्बाइडच्या ऐरणी अपारदर्शक होत्या. आत काय घडले याचा अंदाज बाहेरून बांधावा लागे. व्हॅन व्हॉल्केनबर्ग यांनी हिऱ्यातून सूक्ष्मदर्शक रोखला, आणि दाबाखाली द्रवाचे स्फटिक होताना थेट दिसू लागले. खरी क्रांती या पारदर्शकतेत होती. हिरा प्रकाशालाही वाट देतो, म्हणजे लेसरलाही. रॉचेस्टर विद्यापीठात ली-चुंग मिंग आणि विल्यम बॅसेट यांनी 1974 साली लेसरने नमुना 2,000 अंश सेल्सिअसपर्यंत सलग तापवला. लेसरच्या झटक्यांनी तर 3,000 पर्यंत. पृथ्वीच्या पोटातला दाब आणि तिथली उष्णता आता तळहातावर मावणाऱ्या यंत्रात एकत्र आली.

पृथ्वीचे कवच आणि गाभा यांच्यामधल्या प्रावरणाचा तळ 2,890 किलोमीटर खोल आहे. तिथे दाब 136 गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या साडेतेरा लाख पट. खालच्या प्रावरणात सर्वाधिक असलेल्या खनिजाला 2014 साली ब्रिजमनाइट हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम उल्केत त्याचा नैसर्गिक नमुना सापडला तेव्हा. ते किती तापमानाला वितळते, या साध्या प्रश्नावर दोन प्रयोगशाळांत जो वाद झाला, तो या शास्त्राच्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल.

बर्कलीत डिऑन हाइन्झ आणि रेमंड जीनलोझ यांनी 1987 साली सांगितले की सहा लाख वातावरणांपर्यंत वितळणबिंदू जवळजवळ वाढतच नाही. तो 3,000 केल्विनच्या आसपासच राहतो. नमुना थंड झाल्यावर त्यात काच दिसली, तर तो वितळला होता, ही त्यांची खूण. 1993 साली जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेतून आंद्रेआस झेर आणि राइनहार्ड बोएलर यांचे मोजमाप आले: 62.5 गिगापास्कलला 5,000 केल्विन, अधिक-उणे 200. त्यांनी सिलिकेट चांगले शोषून घेते असा कार्बन डायऑक्साइड लेसर वापरला आणि वितळणे तापवतानाच टिपले.

दोन हजार केल्विनची तफावत! दोन्हीकडचे लोक कसलेले होते, म्हणून हा वाद मोलाचा ठरला. लेसरचा तप्त ठिपका काही दशांश मिलिमीटरही नसतो, त्यात मध्य पांढरा धगधगतो आणि कडेला तापमान हजाराने उतरते. तापमान कळते ते त्याच्या प्रकाशातल्या रंगांच्या प्रमाणावरून. भिंग मात्र लाल आणि निळा प्रकाश एकाच जागी एकवटत नाही. मग ठिपक्याच्या कोणत्या भागाचे तापमान मोजले गेले? म्हणून बोएलर यांनी भिंगांऐवजी आरसे वापरण्याचा आग्रह धरला. वितळल्याचा पुरावा नेमका कशाला मानायचा, हा प्रश्न त्याहून अवघड होता. पुढे 3,000 चा आकडा मागे पडला. माइन्झच्या मोजमापावरून प्रावरणाच्या तळासाठी काढलेला 7,000 ते 8,500 केल्विनचा अंदाजही आज बहुतेकांना फार जास्त वाटतो.

मग मदतीला आले क्ष-किरण. स्फटिक वितळला की क्ष-किरणांच्या चित्रातल्या तीव्र रेषा पुसट वलयात विरतात. काच शोधायला नमुना थंड होण्याची वाट पाहावी लागत नाही. गिलॉम फिके आणि सहकाऱ्यांनी 2010 साली ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, प्रावरणातल्या पेरिडोटाइट या मिश्र खडकाचे मोजमाप 140 गिगापास्कलपर्यंत नेले. मिश्र खडक एकट्या खनिजापेक्षा लवकर वितळू लागतो. प्रावरणाच्या तळाशी ही सुरुवात 4,180 केल्विनला होईल असे त्यांना आढळले. 2014 साली र्‍युइची नोमुरा यांच्या जपानी चमूने स्प्रिंग-8 या तिथल्या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी नमुन्याच्या आतली रचना तपासून हाच आकडा 3,570 केल्विन सांगितला.

दोन आकड्यांमधल्या या सहाशे केल्विनवर पुष्कळ काही अवलंबून आहे. भूकंपलहरी गाभ्याच्या सीमेवरच्या काही पातळ थरांत एकाएकी मंदावतात. तिथे खडक अर्धवट वितळलेला असावा, असा एक तर्क आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या ज्वालामुखींतून 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आला, त्यांना रसद पुरवणारा उष्ण झोतही अनेक भूवैज्ञानिक खालच्या प्रावरणाशी जोडतात. आणि नोमुरांचा आकडा खरा असेल, तर प्रावरण बव्हंशी घन असल्यामुळे गाभ्याच्या वरच्या भागाचे तापमान त्याहून कमी असायला हवे. एवढ्या कमी तापमानाला बाहेरच्या गाभ्यातले लोखंड द्रव राहण्यासाठी त्याचा वितळणबिंदू उतरवणारे काहीतरी त्यात मिसळलेले असणार. नोमुरांनी त्यासाठी हायड्रोजनचे नाव पुढे केले.