श्वास मोजण्याच्या रीतीची कुळकथा

खोकणाऱ्या मुलाला साधे पडसे झाले आहे की न्यूमोनिया, हे ठरवण्यासाठी आज अनेक देशांतील आरोग्यसेविका त्याचे एका मिनिटातील श्वास मोजतात. ही रीत दिसायला पुरातन वाटली, तरी तिला आकड्याची शिस्त लाभून अर्धे शतकही झालेले नाही. न्यूमोनियात फुप्फुसांतील वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, द्रवाने भरतात, फुप्फुस ताठरते आणि खोल श्वास कष्टाचा झाल्यामुळे मूल उथळ व भरभर श्वास घेऊ लागते. मुलाला धाप लागली, पोट उडू लागले, हे आयांना नेहमीच कळत असे आणि मराठी मुलखात या दुखण्याला ‘डबा’ असे नावही होते. मात्र किती श्वासांना भरभर म्हणायचे, याचे माप कोणी ठरवले नव्हते.

ते माप पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका येथे आकाराला आले. तेथे क्ष-किरण यंत्र आणि डॉक्टर दोन्ही दुर्मीळ असल्याने फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकल्याच्या मुलांची लक्षणे ताडून पाहिली व १९८४ मध्ये असे मांडले की मिनिटाला पन्नासांहून अधिक श्वास हा प्रतिजैविक, म्हणजे जंतुनाशक औषध, सुरू करण्यास पुरेसा आधार आहे, आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मुलाला रुग्णालयात न्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे वयानुसार मर्यादा आखल्या: दोन महिन्यांखालील बाळाला ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०.

आता अडचण उरली ती मोजणाऱ्याची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावच्या आरोग्यसेवकांबरोबर सुइणींनाही हे काम शिकवले; पण त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या आणि हलत्या पोटाकडे पाहत पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणे शिकलेल्यालाही जड जाते. त्यातून १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला श्वासमापक घडला. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी, एवढाच त्याचा पसारा. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी शेवटचा, धोक्याचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा; सुइणीला दहाच्या पुढे मोजावेच लागत नाही, आणि या उपकरणातली खरी हुशारी हीच आहे. याच गावांतील १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उपचार मिळालेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याहून कमी राहिले, तर तुलनेच्या गावांत ते १३ टक्क्यांच्या पुढे होते.

या रीतीला उणिवाही आहेत. रडणाऱ्या किंवा तापलेल्या मुलाचा श्वास न्यूमोनियाविनाही वाढतो, त्यामुळे काही मुलांना नको असताना औषध जाते. म्हणूनच मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजण्याचा आग्रह धरला जातो. रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर आता जोडीला आला आहे. छाती आत ओढली जात असली, तरी इतर धोक्याची लक्षणे नसतील तर तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन देऊन घरीच उपचार करावेत, अशी सुधारणा जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली, आणि गोरोकाच्या नियमातला रुग्णालयाचा टप्पा अशा मुलांपुरता गळून पडला.