तोफेच्या टप्प्यातून ड्रॉइंग हॉलमध्ये

फर्स्ट इयरला ज्या विषयाच्या नावाने हॉस्टेलभर शिव्या पडतात, तो विषय एके काळी फ्रान्सचं लष्करी गुपित होता. कुणी त्याला ईडी म्हणतं, कुणी ईजी. ड्राफ्टर, शीट, रोलर स्केल, एन. डी. भट्टांचं जाडजूड पुस्तक आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीची धावपळ. मी गेली काही वर्षं हा विषय शिकवतो. ‘सर, हे कशासाठी?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर सिलॅबसमध्ये नाही, इतिहासात आहे.

गास्पार मोंज १७४६ साली फ्रान्समधल्या बोन या गावात जन्मला. बाप छोटा व्यापारी, म्हणजे घराणं सरदारी नव्हे. अठराव्या वर्षाच्या आसपास त्याने स्वतःच बनवलेली उपकरणं घेऊन आपल्या गावाचा मोठा नकाशा काढला. तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेत भरला आणि मोंजची रवानगी मेझियेरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत झाली. पण विद्यार्थी म्हणून नाही. अधिकारी व्हायला खानदान लागायचं. मोंजला जागा मिळाली ती शाळेच्या वर्कशॉपमध्ये, नकाशे काढायला आणि प्लास्टरचे नमुने करायला. हुशारी होती, पण गेट बंद. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिथे एकदा त्याच्याकडे तटबंदीचा एक हिशेब आला. किल्ल्याच्या आत वावरणाऱ्या शिपायाला आसपासच्या उंचवट्यावरून मारा बसता कामा नये, इतका तट उंच हवा. पण विनाकारण उंच बांधला तर पैसा आणि दगड दोन्ही वाया. त्या काळी हे काढायला जागोजागी मोजमापं घेऊन लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने आकडे बाजूला ठेवले आणि आकृती काढून उत्तर आणलं. ते इतक्या लवकर आणलं की वरिष्ठाने सुरुवातीला तपासायलाच नकार दिला. एवढ्या वेळात हे होणं शक्यच नाही, म्हणजे पोराने काहीतरी ठोकून दिलंय, असा त्याचा समज. मोंज हटून बसला, मग तपासलं, आणि उत्तर बरोबर निघालं. त्यानंतर या पद्धतीवर गुप्ततेचा शिक्का बसला. मोंज पुढे त्याच शाळेत शिक्षक झाला. वर्गात शिकवायची मुभा, छापायला मात्र बंदी.

पद्धत काय होती? समोर लॅपटॉप उघडा. कीबोर्ड आडवा, स्क्रीन उभी. आता कीबोर्डच्या वर, स्क्रीनच्या पुढे एक खोडरबर हवेत धरलंय अशी कल्पना करा. समोरून बघितलं की त्याची आकृती मागच्या स्क्रीनवर पडते, वरून बघितलं की खालच्या कीबोर्डवर. आता रबर काढून घ्या आणि लॅपटॉप पूर्ण सपाट उघडा. स्क्रीनवरची आकृती वर, कीबोर्डवरची खाली, मधली बिजागरी म्हणजे तुमची एक्सवाय रेषा. झालं, हेच फर्स्ट अँगल. एक वस्तू, दोन चित्रं, आणि दोन्ही एकमेकांना उभ्या रेषांनी बांधलेली. हवेतला कुठलाही बिंदू आता कागदावर पकडता येतो, आणि कागदावरून परत हवेत नेता येतो.

हे सगळं मोंजने शून्यातून काढलं असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. कमानीचे दगड कापणाऱ्या पाथरवटांना आणि छपराच्या सुतारांना असल्या युक्त्या शतकानुशतकं माहीत होत्या. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ साली भूमितीवर पुस्तक लिहिलं, त्यातही वरचा आणि समोरचा देखावा आहे. पण कारागिराची युक्ती त्या त्या कामापुरती असते, आणि ती उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते. मोंजने तिचं शास्त्र केलं, म्हणजे अनोळखी माणसाला वर्गात बसवून शिकवता येईल अशी गोष्ट केली. माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व हे आहे. शिक्षक असल्यामुळे मी पक्षपाती असेन.

मग १७८९ची क्रांती झाली आणि गेट उघडलं. मोंज काही काळ चक्क नौदलमंत्री होता. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये जी शाळा निघाली, तिला पुढच्या वर्षी एकोल पॉलिटेक्निक हे नाव मिळालं. तिथे प्रवेश स्पर्धा परीक्षेवर, खानदानावर नाही. अभ्यासक्रमात मोंजच्या भूमितीला मोठा वाटा होता. १७९५ मध्ये एकोल नॉर्मालमध्ये शिक्षक व्हायला देशभरातून आलेल्या हजाराहून अधिक लोकांसमोर त्याने हेच व्याख्यानांतून मांडलं, लघुलेखकांनी ते उतरवून घेतलं, आणि गुपित संपलं. परदेशी मालावर अवलंबून राहायचं नसेल तर कारागिरांपर्यंत ही विद्या पोचली पाहिजे, असा त्याचा मुद्दा होता. ओळखीचं वाटतंय ना?

नेपोलियन पडल्यावर त्याच्या जवळच्या मोंजचे दिवस फिरले. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीतून त्याचं नाव काढलं गेलं, १८१८ मध्ये तो गेला. पॉलिटेक्निकच्या मुलांना अंत्ययात्रेला जायला सरकारने मनाई केली. मुलं दुसऱ्या दिवशी कबरीवर गेली.

विद्या मात्र फिरत राहिली. नेपोलियनच्या सैन्यात लढलेला क्लॉड क्रोझे अमेरिकेत वेस्ट पॉइंटला गेला आणि तिथे १८२१ मध्ये या विषयावर इंग्रजीत पुस्तक काढलं. केंब्रिजमध्ये विल्यम फॅरिश वर्गात यंत्रांची मॉडेल्स जोडून दाखवायचा आणि व्याख्यान झालं की सुटी करायचा. पुढच्या वेळी मदतनिसांनी ती पुन्हा कशी जोडायची? त्यासाठी त्याला असं चित्र हवं होतं की ज्यात वस्तू दिसतेही आणि मापही घेता येतं. तेच तुमचं आयसोमेट्रिक. त्यावरचा त्याचा निबंध १८२२ मध्ये छापून आला. पुण्यात १८५४ साली बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करायला इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो वाढत वाढत आजचं सीओईपी झाला. इंजिनिअरिंग शिकवायचं म्हणजे ड्रॉइंग शिकवायचं, हे तोवर जगभर गृहीत धरलं गेलं होतं.

आणि इथेच, मला वाटतं, विषयाची गाडी रुळावरून घसरली. विद्या राहिली, पण ती डोक्यात कशी उतरते हे बघणं राहून गेलं. याचा पुरावा हवा असेल तर कुठल्याही हॉस्टेलवर जा. काचेखाली दिवा, वर मित्राची शीट, त्यावर कोरा कागद: जीटी, अर्थात ग्लास ट्रेसिंग. सुबक रेघा, बिनचूक मापं, फुल मार्क. आणि ती वस्तू कशी दिसते विचारलं तर शांतता. मी पूर्वी जिथे शिकवायचो त्या कॉलेजने मग उपाय काढला: ड्रॉइंग बोर्ड हलवले, कॉम्प्युटर आणले. जीटीच्या जागी कॉपी-पेस्ट आलं.

ज्याला दिसतं त्याला दिसतं, बाकीच्यांनी ब्रँच बदलावी, असं मानणारे शिक्षक आजही आहेत. या समजाला चांगला धक्का दिला तो अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठातल्या शेरिल सॉर्बी यांनी. त्या स्वतः इंजिनिअर, आणि विद्यार्थी असताना याच विषयाने त्यांना घाम फोडला होता. १९९०च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नव्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली: ३० प्रश्न, ठोकळा मनात फिरवायचा आणि तो कसा दिसेल ते ओळखायचं. त्यात नापास होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये तिप्पट होतं. सॉर्बींनी यावरून मुलींना हे जमत नाही असा निष्कर्ष काढला नाही, कोर्स काढला. एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, ठिपक्यांचा कागद, आणि हाताने काढलेली असंख्य स्केचेस. कोर्स केलेल्यांचे गुण वाढले, आणि इंजिनिअरिंग सोडून जाणाऱ्या मुली कमी झाल्या. म्हणजे ही दैवी देणगी नाही. पोहण्यासारखं आहे, पाण्यात उतरलेल्यांना येतं. लहानपणी जोडण्या-तोडण्याचे खेळ खेळलेल्यांना ते आधीपासून थोडं येत असतं, एवढंच.

हे वाचल्यावर मी वर्गात दिवाळीतल्या किल्ल्यांबद्दल विचारलं. लहानपणी माती कालवून बुरूज, तट, दरवाजे कुणी केलेत? बहुतेक मुलांचे हात वर आले, मुलींचे मोजके. बाकीच्या मुली काय करत होत्या? एकीने पटकन उत्तर दिलं, ‘सर, रांगोळी.’ रांगोळीत भूमिती भरपूर आहे, सममिती तर विचारूच नका. पण रांगोळी जमिनीवरच राहते. किल्ल्याच्या मात्र मागे जाऊन बघावं लागतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिले तीन आठवडे ड्राफ्टर पिशवीतून निघत नाही. ओली माती, कपडे धुवायचा साबण, साखरेचे खडे. आधी हाताने वस्तू करायची, मग ती झाकून ठेवायची, मग मोकळ्या हाताने तीन बाजूंनी काढायची, आणि शेवटी झाकण उचलून ताडून बघायचं. शीट मागे पडतात, त्यावरून विभागप्रमुखांशी दरवर्षी एकदा वाजतं. रांगोळीचं उत्तर देणारी ती मुलगी पहिल्या चाचणीत ३० पैकी ११वर होती. सत्राच्या शेवटी २३वर आली आणि तिने मेकॅनिकल सोडायचा अर्ज मागे घेतला. एका मुलीवरून सिद्धांत मांडायचा नसतो हे मला कळतं.

येत्या सोमवारपासून सेक्शन ऑफ सॉलिड्स सुरू होतंय. त्यासाठी दोन किलो बटाटे आणि बोथट सुऱ्या आणायच्या आहेत. तिरका काप कुठे कसा दिसेल हे कापण्याआधी कागदावर काढायचं, अशी अट आहे. बटाट्याची पावती खर्चाच्या कुठल्या रकान्यात टाकायची, हे ऑफिसला अजून ठरवता आलेलं नाही.