आभासी स्मृतीची मांडणी आणि मर्यादा : कर्नलमधील एका सीमारेषेचा इतिहास

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'आभासी स्मृती' हा घटक बहुधा एका व्याख्येने सुरू होतो आणि एका आकृतीने संपतो. आकृतीत एक उभा आयत असतो. खालचा भाग आज्ञावलीचा, वरचा भाग कर्नलचा, आणि दोहोंमध्ये एक आडवी रेषा. विद्यार्थी ही आकृती पाठ करतात. परंतु ती रेषा तेथेच का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः ती रेषा गणिताने सिद्ध झालेली नाही. स्मृतीची किंमत, यंत्राची गती आणि सुरक्षिततेची गरज यांच्यातील त्या त्या काळची ती तडजोड आहे. या तडजोडीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय.

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी मूळ कल्पना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सातबारा उताऱ्यावरील गट क्रमांक म्हणजे प्रत्यक्ष जमीन नव्हे. ती जमिनीपर्यंत नेणारी नोंद होय. त्याचप्रमाणे आज्ञावली जो पत्ता वापरते तो आभासी असतो. त्या पत्त्यामागे प्रत्यक्ष स्मृतीतील कोणती जागा आहे, हे कर्नलने राखलेल्या पृष्ठ-तक्त्यांवरून ठरते. काही नोंदींमागे त्या क्षणी प्रत्यक्ष जागा नसतेही.

१. ॲटलास : एकस्तरीय संचय

१९५० च्या दशकात मुख्य स्मृती अत्यंत महाग होती. मोठी आज्ञावली तीत मावत नसे, म्हणून तिचे तुकडे करून ते चुंबकीय ड्रमवरून आत-बाहेर करण्याचे काम आज्ञावलीकारालाच करावे लागे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली फेरांटी कंपनीच्या सहकार्याने तयार झालेल्या व डिसेंबर १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'ॲटलास' संगणकाने हे ओझे यंत्रावर सोपवले. त्याची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची, तर ड्रमची क्षमता ९८,३०४ शब्दांची होती. ५१२ शब्दांचे एक पृष्ठ याप्रमाणे मुख्य स्मृतीत ३२ पृष्ठे मावत. आज्ञावलीकाराला मात्र दोन्ही मिळून एकच सलग संचय दिसे.

या सोयीची किंमत पुढे लक्षात आली. एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू ठेवल्या की पृष्ठांची ने-आण इतकी वाढे की प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची कारणमीमांसा केली व प्रत्येक आज्ञावलीला त्या काळात खरोखर लागणाऱ्या पृष्ठांचा 'कार्यसंच' मोजण्याची कल्पना मांडली. आभास किती ताणावा यालाही मर्यादा असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

२. तीन भाग आणि एक भाग

१९७७ मध्ये आलेल्या व्हॅक्स संगणकात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४ गीगाबाइट अवकाशाचा होता. त्याचा खालचा अर्धा भाग प्रक्रियेसाठी व वरचा अर्धा प्रणालीसाठी होता. १९७९ मध्ये बर्कले येथे ओझाल्प बाबाओग्लू व बिल जॉय यांनी युनिक्सला या यंत्रावर पृष्ठाधारित आभासी स्मृती दिली. कोणते पृष्ठ अलीकडे वापरले गेले, याची नोंद ठेवणारा बिट व्हॅक्समध्ये नव्हता. ती उणीव त्यांनी कर्नलमधील युक्तीने भरून काढली.

इंटेलच्या ८०३८६ या प्रक्रियकाने १९८५ मध्ये ४ किलोबाइटची पृष्ठे आणि तेवढाच ४ गीगाबाइटचा अवकाश वैयक्तिक संगणकात आणला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावरच लिनक्सची उभारणी केली. आरंभीच्या लिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेला ६४ मेगाबाइट मिळत व प्रक्रियांची कमाल संख्या ६४ होती. हा गुणाकार नेमका ४ गीगाबाइट भरतो. पुढे प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्र अवकाश मिळाला आणि प्रचलित विभागणी रूढ झाली : खालचे ३ गीगाबाइट आज्ञावलीला, वरचा १ गीगाबाइट कर्नलला.

कर्नलला प्रत्येक प्रक्रियेच्या अवकाशात स्थान देण्याचे कारण गती हे होते. आज्ञावलीने कर्नलकडे काही मागितले की प्रत्येक वेळी तक्ते बदलावे लागू नयेत, हा हेतू. त्या १ गीगाबाइटपैकी ८९६ मेगाबाइटमधून कर्नल प्रत्यक्ष स्मृतीकडे थेट पाहत असे व उरलेले १२८ मेगाबाइट अन्य कामांसाठी राखीव असत. स्मृती महाग असताना हा आकडा कोणालाच अपुरा वाटला नाही. पण १ गीगाबाइट स्मृती सामान्य संगणकात येऊ लागली तेव्हा विकत घेतलेल्या स्मृतीचा शेवटचा तुकडा थेट पोहोचेबाहेर राहू लागला. 'उच्च स्मृती' हाताळण्याची गुंतागुंतीची व्यवस्था त्यातून आली. २००३ मध्ये इंगो मोलनार यांनी कर्नल व आज्ञावली यांना प्रत्येकी संपूर्ण ४ गीगाबाइट देणारा प्रस्ताव मांडला. परंतु प्रत्येक प्रवेशाला तक्ते बदलण्याचा खर्च मोठा असल्याने तो मुख्य कर्नलमध्ये आला नाही. २००६ मध्ये मात्र कर्नल बांधतानाच ही रेषा वर किंवा खाली निवडण्याची मुभा मिळाली.

३. दिलेल्या शब्दाची मर्यादा

मांडणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटपाचा आहे. लग्नाची निमंत्रणे पंगतीच्या पानांपेक्षा अधिक दिली जातात, कारण सर्वजण एकाच वेळी येत नाहीत. लिनक्स कर्नलही मागणी करणाऱ्या आज्ञावल्यांना प्रत्यक्ष असलेल्या स्मृतीहून अधिकचा शब्द देतो. या धोरणाचे तीन पर्याय आहेत : अंदाजाने देणे, नेहमीच देणे, किंवा काटेकोर हिशेब ठेवणे. तिसऱ्या पर्यायात एकूण वचन हे डिस्कवरील अदलाबदलीची जागा आणि प्रत्यक्ष स्मृतीचा ठरावीक हिस्सा (मूळ मूल्य ५० टक्के) यांच्या बेरजेपलीकडे जात नाही.

उदार धोरणात सर्व पाहुणे एकदम आले, तर कर्नल एखादी चालू प्रक्रिया निवडून ती संपवतो. काटेकोर धोरणात मागणी आधीच नाकारली जाते. पण बरीच स्मृती रिकामी असतानाही नकार मिळू शकतो. कोणती हानी सोसायची, याचे उत्तर यंत्र देत नाही. ते यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्याने द्यायचे असते.

४. रेषा पुन्हा सरकते

२००३ मध्ये एएमडीच्या ६४ बिट प्रक्रियकांनी ४८ बिटांचा आभासी पत्ता, म्हणजे २५६ टेराबाइट अवकाश आणला. त्याचे दोन समान भाग करून जागेची टंचाई संपली असे मानले गेले. २०१७ मध्ये लिनक्सने पाच स्तरांचे पृष्ठ-तक्ते स्वीकारून ही मर्यादा ५७ बिटांवर नेली.

मात्र जागेचा प्रश्न सुटला तरी सुरक्षिततेचा उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' हा दोष जाहीर झाला. आज्ञावलीच्या अवकाशात कर्नलचे तक्ते केवळ उपस्थित असणेच धोक्याचे ठरले, कारण प्रक्रियकाच्या आगाऊ अंमलबजावणीतून तेथील माहिती बाहेर काढता येत होती. उपाय म्हणून आज्ञावली चालू असताना कर्नलचा बहुतांश भाग तिच्या तक्त्यांतून काढून टाकण्यात आला. खर्चिक म्हणून २००३ मध्ये दूर ठेवलेला विभक्ततेचा मार्ग पंधरा वर्षांनी वेगळ्या कारणासाठी स्वीकारावा लागला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, स्मृतीची मांडणी हा तत्कालीन टंचाईला दिलेला प्रतिसाद असतो. टंचाई बदलली तरी मांडणी काही काळ टिकून राहते. दुसरी, प्रत्येक मर्यादा कोणाची तरी सोय व कोणाची तरी अडचण असते. ॲटलासने आज्ञावलीकाराचे ओझे उतरवले, परंतु ते कर्नलवर चढवले. तिसरी, गतीसाठी केलेली तडजोड पुढे सुरक्षिततेची उणीव ठरू शकते. म्हणून वर्गात ती आकृती शिकवताना रेषेसोबत तिचे वर्ष आणि तिचे कारणही फळ्यावर लिहावे. तसे केले तर त्या रेषेकडे नियम म्हणून न पाहता निर्णय म्हणून पाहण्याची दृष्टी विद्यार्थ्याला लाभेल, आणि ती बदलण्याची वेळ आली की बदलण्याचे धैर्यही.