ताटातलं रक्तात पोचतं का?

गटाची बैठक आटोपून बसला असाल, नाहीतर भाजी निवडता निवडता ऐकत असाल. आज आम्ही जुनी गोष्ट सांगणार आहोत, पण ती निघाली एका ताज्या प्रश्नातून.

एका गटातल्या मावशींनी विचारलं, "आमची लेक शहरात असते. दोन वर्षांपूर्वी तिचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. आता तिला दिवस गेलेत. चार घास खाल्ले की पोट भरतं म्हणते. मी डिंकाचे लाडू पाठवले, तर ते खाल्ले की तिला घाम फुटतो, गरगरतं. दोन जिवांची बाई, तिनं खायचं तरी काय?"

उत्तर शोधायला बसलो आणि जवळजवळ शंभर वर्षं मागं, मुंबईच्या गिरणगावात जाऊन पोचलो.

साल १९२८. गिरणी कामगारांचा मोठा संप त्याच वर्षी झाला. कोकणातून, घाटावरून आलेल्या कितीतरी बाया तेव्हा गिरण्यांच्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत राबत होत्या. त्यांच्यातल्या काही जणी गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत. दम लागे, पाय सुजत. काही बाळंत होण्याआधीच जात, काही नंतर. घरचे म्हणत, नशीब. मार्गारेट बाल्फोर नावाच्या डॉक्टरबाई मुंबईत बाळंतिणींच्या मृत्यूंचा अभ्यास करत होत्या. त्यांनी या दुखण्याचा शोध घ्यायला इंग्लंडहून लूसी विल्स यांना बोलावलं. विल्सबाई तेव्हा चाळिशीच्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं.

आधी जंतूंचा संशय घेऊन तपासण्या झाल्या. त्यातून काही निघालं नाही. रक्त पाहिलं तर तांबड्या पेशी थोड्या, पण आकारानं नेहमीपेक्षा मोठ्या. मग विल्सबाईंनी आणि त्यांच्या इथल्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट विचारली, जी तोवर फार कुणी विचारली नव्हती: बाई, तुम्ही जेवता काय? आजारी पडणाऱ्या बायांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध फारच कमी होतं. गरिबीत पोट भरायचं ते धान्यानं. तसंच खाणं प्रयोगशाळेत उंदरांना दिलं, तर गाभण उंदरांचंही रक्त उतरलं. त्यात यीस्ट मिसळलं, तेव्हा ते सावरले.

यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात ते. इंग्लंडमध्ये बिअर केल्यावर उरलेल्या यीस्टपासून मार्माइट नावाचा काळा, खारट लगदा बनवत आणि पावाला लावून खात. तो स्वस्त होता. विल्सबाईंनी तो आजारी गरोदर बायांना दिला. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, बाया उठून बसू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे जगापुढं मांडलं. त्या काळी रक्तवाढीला कलेजीचा अर्क देत. पण तो अर्क जितका शुद्ध करावा, तितका या बायांना कमी लागू पडे. म्हणजे यांना जे हवं होतं ते काही वेगळंच होतं.

ते काय, हे कळायला आणखी दहा वर्षं लागली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी तब्बल चार टन पालकातून ते वेगळं काढलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फोलिक अॅसिड. आशाताई तुम्हाला जी लाल गोळी देतात, तिच्यात लोहाबरोबर हेच असतं. गिरणगावच्या त्या बायांच्या दुखण्यातून या शोधाची वाट सुरू झाली, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे?

आता मावशींच्या लेकीकडं येऊ. तिच्या ताटात तर सगळं आहे. मग अडतं कुठं?

याचं उत्तर त्याच काळात बॉस्टनमध्ये मिळालं. विल्यम कॅसल नावाचे तरुण डॉक्टर रक्त कमी होण्याच्या दुसऱ्या एका आजारावर काम करत होते. ते स्वतः गोमांस खात, तासाभरानं ते ओकून काढत आणि नळीनं रोग्याच्या पोटात सोडत. ऐकून किळस येते, पण रोग्यांचं रक्त वाढलं! नुसतं मांस दिलं तर वाढत नव्हतं. १९२९ साली कॅसल यांनी सांगितलं, की अन्नातला एक घटक आणि जठराच्या रसातला एक घटक, दोन्ही भेटले तरच काम होतं. अन्नातला तो घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ साली हाती लागलं.

थोडक्यात, ताटात असणं वेगळं आणि रक्तात पोचणं वेगळं. मधे जठर आणि आतडं आहे.

१९६६ साली अमेरिकेत आयोवा इथं एडवर्ड मेसन या सर्जननी वजन कमी करायला जठराचं बायपास ऑपरेशन केलं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बाया बारीकच राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करतात आणि अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढं जातं. लोह जास्त करून शोषलं जातं ते नेमकं त्या सुरुवातीच्या भागात. हल्ली जठर उभं कापून नळीसारखं करण्याचं ऑपरेशनही पुष्कळ होतं. त्यातही खाणं कमी जातं आणि बी-१२ ला लागणारा जठरातला घटक घटतो.

म्हणून मावशी, लेकीच्या दुखण्याला तुमचं प्रेम कमी पडलेलं नाही. लाडू वाईट नाहीत. पण गोड एकदम लहान आतड्यात उतरतं, म्हणून तिला घाम येतो, गरगरतं. तिनं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खावं. आधी प्रथिनांचा घास: अंडं, मासा, पनीर, दही, मटकीची उसळ, घट्ट वरण. मग भाजी, शेवटी भाकरी. जेवताना पाणी पिऊ नये, थोड्या वेळानं प्यावं.

पण नुसत्या खाण्यावर तिचं भागणार नाही, आणि हेच आम्हाला ठासून सांगायचं आहे. लोह, फोलिक अॅसिड, बी-१२, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसं घ्यावंच लागतं. बी-१२ चं कधी इंजेक्शनही लागतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. गरोदरपणात रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा व्हावी. नाव नोंदवताना ऑपरेशन झाल्याचं आधी सांगावं, कारण साखरेच्या तपासणीला ग्लुकोजचं पाणी देतात आणि तिला ते सोसणार नाही. साखर दुसऱ्या पद्धतीनंही तपासता येते. उलट्या थांबत नसतील किंवा पोटात जोरात दुखत असेल, तर "डोहाळे आहेत" म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत. वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस लवकर राहू शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भिस्त ठेवता येत नाही. तेव्हा कोणतं साधन वापरायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारावं.

ऑपरेशन झालेल्या आपल्यात थोड्याच. पण आजही देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आहे. गिरणगावातल्या बायांना कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, की तुम्ही जेवता काय. पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या गरोदर लेकी-सुनांना आपणही विचारू: जेवलीस का, काय जेवलीस, आणि गोळी घेतलीस का?

आजच्या गप्पा इथंच थांबवतो. नमस्कार.