नव्या घरात लाईट कोणते लावायचे? फॅशन, फिनिशिंग आणि अर्थिंगचा पूर्ण हिशेब

नागपूर : घराचा स्लॅब पडला, प्लास्टर झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, लाईट कोणते लावायचे? पूर्वी हा प्रश्न नव्हता. खोलीत एक बल्ब, ओसरीत एक बल्ब, फार तर बैठकीत ट्यूबलाईट. आता काटोल, सावनेर, उमरेड, मौद्यासारख्या तालुक्याच्या दुकानांतही झुंबर, लटकते दिवे, प्रोफाइल लाईट, सोनेरी आणि काळ्या रंगाच्या फिटिंग सहज मिळतात. मोबाईलवर फोटो पाहून घरातली तरुण मंडळी दुकानदाराला तेच मागतात.

हौस असावी, त्यात काही गैर नाही. पण आजची फॅशन मुख्यतः धातूच्या फिटिंगची आहे आणि गावातल्या कित्येक घरांत अर्थिंगची वायर दिव्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. म्हणून क्रम नीट लक्षात ठेवा. आधी अर्थिंग, मग उजेड, मग फिटिंग आणि सर्वांत शेवटी रंग-फिनिशिंग. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो.

एवढी स्वस्ताई आली कुठून?

पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्राची उजाला योजना सुरू झाली आणि गावोगावी एलईडी बल्ब वाटले गेले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बचा भाव ३१० रुपये होता. २०१६ संपेपर्यंत तो चाळीस रुपयांच्या खाली आला.

एलईडीचा दाणा लहान आणि कमी तापणारा. त्यामुळे दिव्याचा आकार कसाही करता येऊ लागला. बारीक पट्टी, चपटी थाळी, नळी, कंदील, हवे ते. आजची सगळी फॅशन यातूनच आली आहे.

सध्या काय चालते?

*लटकते दिवे :* जेवणाच्या टेबलावर किंवा बैठकीच्या कोपऱ्यात. काच, धातू किंवा बांबूची टोपी असते. आपल्याकडे घरात पंखा आणि कूलर दोन्ही चालतात. वाऱ्याने दिवा झुलतो आणि सावल्या हलतात. म्हणून पंख्याजवळ लटकता दिवा नको. ये-जा असेल तिथे जमिनीपासून सात फुटांच्या खाली आणू नका.

*प्रोफाइल लाईट :* ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला सरळ रेषेचा दिवा. भिंतीत किंवा छतात खाचा पाडून बसतो. दिसतो छान, पण प्लास्टर होण्याआधी ठरवला तरच नीट बसतो. नंतर भिंत फोडावी लागते.

*छतातल्या लपवलेल्या पट्ट्या :* पीओपी, जिप्सम किंवा पीव्हीसीच्या फॉल्स सीलिंगमध्ये. सर्वांत जास्त मागणी याचीच आणि सर्वांत जास्त वीज खाणारा प्रकारही हाच.

*जुन्या बल्बसारखे दिसणारे एलईडी :* आत पिवळी तार दिसते, प्रत्यक्षात ती एलईडीच असते. शोभेला चांगला, वाचायला अपुरा.

*भिंतीवरचे वर-खाली उजेड टाकणारे दिवे :* दाराच्या दोन्ही बाजूंना, खांबांवर. बाहेरच्या जागेसाठी खोक्यावर आयपी ६५ लिहिलेले पाहूनच घ्या. म्हणजे आत धूळ जात नाही आणि पावसाचे पाणी शिरत नाही.

फिनिशिंग : दिसते एक, असते एक

सध्या मॅट काळा आणि मंद सोनेरी हे दोन रंग जोरात आहेत. काळा रंग बहुधा पावडर कोटिंगचा असतो. तो टिकतो, पण धूळ लगेच उठून दिसते. रस्त्याकडेच्या किंवा शेताजवळच्या घराला दर आठवड्याला पुसायची तयारी ठेवावी लागते.

सोनेरी दिसणारे सगळे पितळ नसते. बऱ्याचदा लोखंडावर सोनेरी मुलामा असतो. दुकानात जाताना खिशात छोटे चुंबक न्या. चिकटले तर आत लोखंड आहे. नाही चिकटले तर पितळ किंवा ॲल्युमिनियम. हातात घेऊन वजन पाहिले की फरक कळतो, पितळ जड असते. खऱ्या पितळेसाठी दूर जायची गरज नाही. शेजारचा भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखला जातो.

साफसफाईतही फरक आहे. समईसारखे उघडे पितळ चिंच-मिठाने लख्ख होते. तोच प्रयोग मुलाम्याच्या फिटिंगवर केला तर सोनेरी थर निघून जातो. तिथे फक्त ओलसर मऊ कापड आणि त्याआधी मेन स्विच बंद. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट धूर बसतो. म्हणून तिथे नक्षीकाम आणि खाचाखोचा असलेली फिटिंग घेऊच नका. गुळगुळीत, बंद आणि एका हाताने पुसता येईल अशीच घ्या.

बांबूच्या टोप्यांचीही चलती आहे आणि त्या विदर्भातल्याच कारागिरांकडून मिळू शकतात. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बुरड कारागीरही मापाप्रमाणे टोपी विणून देऊ शकतात. घेताना बांबूवर कीड न लागण्याची प्रक्रिया केली आहे का, ते विचारा. आत फक्त कमी वॅटचा एलईडी लावा. जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब बांबूत कधीही नको. तो तापतो आणि आगीचा धोका असतो.

उजेड वॅटवर नाही, ल्युमेनवर मोजा

वॅट म्हणजे वीज किती लागते. ल्युमेन म्हणजे उजेड किती पडतो. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देतो. दहा बाय बाराच्या खोलीला २० वॅटची, २००० ल्युमेनची एक एलईडी पट्टी ट्यूब पुरते. छताला छोटे आठ दिवे लावायची गरज नसते.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसायच्या-झोपायच्या खोलीत पिवळसर बरा, स्वयंपाक आणि अभ्यासाला मधला. अंगणात आणि दारावर पिवळसरच लावा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे पावसाळ्यात किडे जास्त येतात.

उजेडाचा दर्जा पाहायचा सोपा उपाय आहे. लाल मिरची घेऊन दिव्याखाली धरा. भिवापुरी मिरचीचा लालभडक रंग मळकट तपकिरी दिसत असेल तर तो दिवा स्वयंपाकघरात नको. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो. तो ८० किंवा जास्त हवा.

दुसरी तपासणी मोबाईलने होते. कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. उजेड ठळकपणे लपझप करताना दिसला तर तो दिवा मुलांच्या अभ्यासाला घेऊ नका. अशा उजेडात डोळे लवकर थकतात, काहींचे डोके दुखते.

दिवा कुठे लावायचा, हे जास्त महत्त्वाचे

स्वयंपाकघरात छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्यावर काम करणाऱ्या बाईची स्वतःचीच सावली विळी-चाकूवर पडते. ओट्यावरच्या फळीखाली ५ वॅटची पट्टी लावली की हा त्रास संपतो. लिहिणाऱ्या मुलाचा दिवा डाव्या बाजूला हवा, डावखुऱ्या मुलाचा उजव्या बाजूला. पंख्याच्या पात्यांच्या वर छतात दिवे बसवले तर पाती फिरताना उजेड तुटतो. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर अर्धा-एक वॅटचा रात्रदिवा असावा. झुंबरापेक्षा या दिव्याचा उपयोग जास्त आहे.

बिलाचा हिशेब

दहा बाय बाराच्या खोलीला चारही बाजूंनी लपवलेली पट्टी लावली तर लांबी ४४ फूट, म्हणजे साधारण १३.४ मीटर होते. मीटरला १० वॅट धरले तर १३४ वॅट. रोज पाच तास चालली तर महिन्याला सुमारे २० युनिट, फक्त एका खोलीच्या शोभेसाठी.

आता छोट्या दोन खोल्यांच्या घरकुलाचा हिशेब पाहा. बैठकीत २० वॅटची ट्यूब आणि ५ वॅटचा पिवळा भिंतदिवा. स्वयंपाकघरात २० वॅटची ट्यूब आणि ओट्यावर ५ वॅटची पट्टी. न्हाणी आणि संडासात ५-५ वॅट, दारावर ९ वॅट. सगळे मिळून ६९ वॅट. सगळे दिवे एकाच वेळी रोज पाच तास चालू ठेवले तरी महिन्याला साडेदहा युनिटच्या आत. म्हणजे पूर्ण घराचा उजेड त्या एका शोभेच्या पट्टीच्या जवळपास निम्म्या विजेत होतो. पट्टी लावायचीच असेल तर एका भिंतीपुरती लावा आणि तिला वेगळे बटन ठेवा.

नागपूरचे ऊन आणि कमी-जास्त व्होल्टेज

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या किंवा कवेलूच्या छताखाली वरची हवा आणखी तापते. एलईडीचा दाणा सहसा लवकर जात नाही. आधी जातो तो त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि त्याचे मोठे कारण उष्णता. चारही बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात जास्त वॅटचा बल्ब कोंडू नका. टिनाला चिकटून फिटिंग लावू नका, थोडी जागा सोडा.

खोक्यावर व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असते. १०० ते ३०० व्होल्ट असा मोठा पल्ला असलेला दिवा गावाकडे जास्त टिकतो. फॉल्स सीलिंगच्या वर उंदीर वायर कुरतडतात. म्हणून तिथली वायर पाइपातूनच न्या, उघडी सोडू नका.

काही चपट्या फिटिंगमध्ये एलईडी आतच पक्का बसवलेला असतो. तो गेला की पूर्ण फिटिंग फेकावी लागते. महागडी फिटिंग घेताना बल्ब किंवा ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का, हे आधी विचारा. बिल आणि गॅरंटी कार्डचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

सर्वांत आधी अर्थिंग

प्लास्टिकच्या होल्डरवर बल्ब असताना अर्थिंग नसल्याचे कळत नव्हते. धातूच्या फिटिंगचे तसे नाही. आतली वायर सोलून धातूला टेकली तर पूर्ण फिटिंगमध्ये करंट उतरतो. फिटिंग पुसायला ओला हात लागला की झटका बसतो आणि तो जीवावर बेतू शकतो.

- प्रत्येक दिव्याच्या पॉइंटपर्यंत तिसरी, हिरवी वायर ओढून घ्या. ती फिटिंगच्या अर्थ स्क्रूला जोडलीच पाहिजे. वायरमनने ती कापून टेप लावून ठेवली तर उपयोग शून्य.
- न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडणे किंवा नळाच्या पाइपाला बांधणे धोक्याचे आहे. घराचा स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हवा.
- एमसीबीने वायर जळण्यापासून वाचते, माणूस झटक्यापासून वाचत नाही. त्यासाठी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी लावा आणि तिचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबून पाहा.
- फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची आहे. तिला अर्थ लागत नाही. जुन्या दोन वायरच्या घरात अशीच फिटिंग घ्यावी.
- वायर आयएसआय चिन्हाचीच घ्या. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगला २.५ पुरते.
- काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. नव्या कनेक्शनला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतोच.

एलईडी बल्बच्या खोक्यावर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' हे ॲप मोबाईलवर घेऊन त्यात तो क्रमांक टाका. क्रमांक खरा आहे की नुसता छापला आहे, ते दुकानात उभ्या उभ्या कळते. वायरवरचा आयएसआय क्रमांकही त्याच ॲपवर तपासता येतो.

दुकानात जाण्याआधी

कागदावर घराचा नकाशा काढा. कोण कुठे बसते, कुठे शिजवते, मुले कुठे अभ्यास करतात, रात्री कोण उठते, ते लिहा. तिथे तिथे पॉइंट ठरवा. हा कागद प्लास्टरच्या आधी वायरमनच्या हातात द्या. अर्थिंग आणि आरसीसीबीचे पैसे आधी बाजूला काढा. मग दिवे घ्या. उरलेल्या पैशात झुंबर बसत असेल तर जरूर घ्या. यंदा नाही बसले तरी पॉइंट काढून ठेवा. झुंबर पुढच्या दिवाळीलाही लावता येईल, अर्थिंगसाठी मात्र नंतर भिंत फोडावी लागेल.