अडथळ्यांची शर्यत आणि हौशी स्वार

घोडा म्हटला कीं महाराष्ट्रीय मनाला भीमथडीचें तट्टू आठवतें. दऱ्याखोरीं ओलांडून लांबचा पल्ला गांठणें हाच त्याचा मोठेपणा. सपाट मैदानावरील शर्यतींत केवळ वेग दिसतो. घोड्याची छाती, पाय आणि अक्कल या तिहींची परीक्षा एकदम पाहावयाची असेल, तर त्याच्या वाटेंत कांहीं तरी आडवें असलें पाहिजे. या परीक्षेचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

परंपरा सांगते ती कथा आयर्लंडची. १७५२ सालीं कॉर्क परगण्यांत ब्लेक आणि ओकॅलहन या दोन गृहस्थांत पैज लागली. बटव्हंट गांवच्या ख्रिस्ती देवळापासून डोनरेलच्या देवळापर्यंत, सुमारें साडेचार मैल, कोण आधीं पोहोंचतो? वाट ठरलेली नव्हती. दूरवर दिसणारें देवळाचें शिखर एवढीच खूण. मध्यें दगडी बांध, कुंपणें, ओढे जें येईल तें ओलांडावयाचें. इंग्रजींत अशा शिखराला स्टीपल म्हणतात, त्यावरून या शर्यतीला स्टीपलचेस हें नांव पडलें. पुढें इंग्लंडांत तिला बांधीव मैदान मिळालें. लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथें १८३९ सालीं झालेली शर्यत पहिली ग्रँड नॅशनल म्हणून सामान्यतः धरतात. त्या दिवशीं कॅप्टन बेचर घोड्यावरून ओढ्यांत पडले आणि त्या अडथळ्याला त्यांचें नांव कायमचें चिकटलें.

परंतु शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील पैज हें जें या खेळाचें मूळ, तें अटलांटिकपलीकडे अमेरिकेच्या मेरीलंड संस्थानांत अधिक टिकलें. बाल्टिमोर शहराच्या उत्तरेस कुरणांचा आणि टेकड्यांचा मुलूख आहे. तेथील दोन शिकारी मंडळांत वाद निघाला कीं कोल्ह्याच्या शिकारीला कोणाचे घोडे अधिक चांगले. तो मिटविण्यासाठीं १८९४ सालीं शर्यत झाली. हीच मेरीलंड हंट कप. १९२२ पासून ती वर्दिंग्टन खोऱ्यांत होते. एप्रिल उजाडला, गवत हिरवें झालें, कीं लागोपाठच्या शनिवारीं त्या टापूंत अशा शर्यती भरतात आणि महिन्याच्या अखेरीस हंट कप येते. दुसऱ्या महायुद्धांत १९४३ ते १९४५ हीं तीन वर्षें आणि साथीमुळें २०२० सालीं तेवढा तिला खंड पडला.

अंतर चार मैल, अडथळे बावीस, आणि ते सारे लांकडी दांड्यांचे. कांहींची उंची पावणेपांच फुटांच्या घरांत जाते. एन्ट्रीच्या कुंपणांवर झाडपाला असतो. घोड्याचा पाय वरच्या थराला लागला तर पाला वांकतो. लांकडी दांडा तसा वांकत नाहीं. म्हणून येथें केवळ वेगवान घोडा उपयोगाचा नाहीं. ज्याला आपलें पाऊल मोजतां येतें आणि जो स्वाराच्या हाताचें ऐकतो, तोच घरीं परततो. असा मेळ एका दिवसांत जमत नाहीं. ज्यानें हिवाळाभर त्याच घोड्यावर मांड ठोकून शिकारीचीं रानें तुडविलीं, त्या हौशी स्वाराला येथें मान मिळाला तो यामुळेंच.

या हौशी विद्येची खरी कसोटी १९६५ सालीं लागली. जे ट्रम्प नांवाचा घोडा सपाट शर्यतींत नाणावला नव्हता. पश्चिम व्हर्जिनियांतील एका मैदानावरून तो थोडक्या किंमतींत घेतलेला. टॉमी स्मिथ या हौशी स्वारानें त्याला लांकडी कुंपणांवर तयार केलें, १९६३ व १९६४ अशी दोनदां हंट कप जिंकली आणि मग समुद्र ओलांडून एन्ट्रीची ग्रँड नॅशनलही जिंकली. दुसऱ्या आलेल्या फ्रेडीमध्यें आणि त्याच्यामध्यें पाऊण लांबीचेंच अंतर होतें. १९८० सालीं बेन नेव्हिस या घोड्यानें तोच पराक्रम केला. त्याचे स्वार चार्ली फेनविक पेढींत काम करणारे गृहस्थ! त्या वर्षीं चिखल इतका कीं चारच घोडे शर्यत पुरी करूं शकले.

त्याच वसंतांत मेरीलंडांत दुसरी एक गोष्ट घडली. हा खेळ दीर्घकाळ पुरुषांचाच मानला जाई. कॅथी कुसनर यांना जॉकीचा परवाना मिळविण्यासाठीं न्यायालयांत जावें लागलें. तो १९६८ सालीं मिळाला, आणि १९७१ सालीं हंट कपमध्यें धांवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९८० सालीं जॉय स्लेटर यांनीं कॅन्कॉटेजवर ती शर्यत जिंकली. दांड्यापुढें घोडा उभा ठाकला म्हणजे पाठीवर कोण आहे हें तो जातिभेदानें पाहत नाहीं, हातानें ओळखतो. हें कुंपणाला ठाऊक होतें, माणसांना कळावयास शहाऐंशी वर्षें लागलीं.

या खेळाची दुसरी बाजूही झांकून ठेवतां येत नाहीं. अशा शर्यतींत स्वारांचीं हाडें मोडतात आणि घोडे प्राणास मुकतात. स्वार आपल्या खुषीनें जीनावर चढतो. घोड्याला कोणी विचारीत नाहीं. एन्ट्रीच्या चालकांनीं कुंपणांचे गाभे मऊ केले आणि २०२४ पासून घोड्यांची संख्या चाळिसावरून चौतिसावर आणली, ती लोकमताच्या रेट्यामुळें. हंट कपलाही पुढें मोठीं रोख बक्षिसें आलीं. पैसा आला कीं पडणाऱ्या घोड्याला थांबविण्याऐवजीं पुढें दामटण्याचा मोह वाढतो. हौशी या शब्दाला अर्थ आहे तो येथें. आपला घोडा थकला हें ओळखून, शेवटचीं दोन कुंपणें राहिलीं असतांही, लगाम खेंचण्याचें स्वातंत्र्य ज्याला आहे तो हौशी. दोन शेजाऱ्यांनीं देवळाच्या शिखराकडे बोट दाखवून जी पैज लावली, तिच्यांत हें स्वातंत्र्य गृहीतच होतें. तें शिल्लक राहील तोंवर या खेळाला खेळ म्हणतां येईल.